उत्कलनाच्या धड्यातलं हरवलेलं भांडं

शालेय पुस्तकांतला उत्कलनाचा धडा वर्षानुवर्षं एकाच साच्यातून निघत आला आहे. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला होतं, उत्कलन ठरावीक तापमानाला. बाष्पीभवन द्रवाच्या पृष्ठभागावर होतं, उत्कलन संपूर्ण द्रवात. मग दोन रकान्यांचा तक्ता आणि त्याखाली चौकटीत पाण्याचा उत्कलनबिंदू: १०० अंश सेल्सिअस. पृष्ठभाग आणि संपूर्ण द्रव हा फरक एन.सी.ई.आर.टी.च्या नववीच्या पुस्तकानं कित्येक वर्षं शिकवला, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो जवळपास त्याच शब्दांत फळ्यावर लिहिला आहे.

या धड्यात ढोबळ चूक दाखवता येत नाही. तरी तो वाचताना एक गोष्ट खटकत राहते. त्यात पाणी आहे, ज्योत आहे, तापमापी आहे. भांडं मात्र नाही. पाणी जणू अधांतरी तापतं आणि १०० चा आकडा आला की एकदम सगळीकडून उकळतं. चुलीवर ठेवलेल्या गंजात वाकून पाहणाऱ्या मुलाला दिसतं ते निराळंच. बुडबुडे बुडातून येतात. बुडाच्याही सगळ्या भागातून येत नाहीत, ठरावीक ठिकाणांहून येतात, आणि एकाच ठिकाणाहून माळ ओवल्यासारखे एकामागोमाग एक सुटतात. गंज हलवून पुन्हा ठेवला तरी पुष्कळदा त्याच जागा जाग्या होतात. हे मूल वर्गात म्हणालं, “सर, सगळ्या पाण्यातून कुठं, बुडातून येतात ना?” तर आपलं उत्तर काय? बहुतेक वेळा ‘पुस्तकात काय दिलंय ते लिही’ हेच.

मुलाचं निरीक्षण बरोबर आहे. पुस्तकाला म्हणायचं असतं की वाफ द्रवाच्या आतही तयार होते, फक्त वरच्या पृष्ठभागावर होत नाही. ते ठीक. पण आत वाफ होते ती बुडबुड्यात, आणि बुडबुड्यालाही पृष्ठभाग असतो. त्या पृष्ठभागावरून पाण्याचं बाष्पीभवनच होतं. म्हणजे उत्कलन ही बुडबुड्याच्या पोटात होणारी बाष्पीभवनाचीच क्रिया आहे. बाहेरचा दाब झेलून बुडबुडा टिकतो आणि वाढतो एवढंच तिचं वैशिष्ट्य. मग खरा प्रश्न उरतो तो असा: पहिला बुडबुडा येतो कुठून? धडा इथेच गप्प बसतो.

थोडा हिशोब करू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पृष्ठताण ठाऊक असतो. पाण्यातल्या बुडबुड्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब लागतो, आणि तो जादा दाब पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येनं भागून मिळतो. १०० अंशाला पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०५९ न्यूटन असतो. बुडबुड्याची त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर जादा दाब नगण्य. त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल, तर जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा होतो, आणि तेवढा दाब वाफेला देण्यासाठी पाणी साधारण १०३ अंशांवर लागतं. त्रिज्या मिलिमीटरचा हजारावा भाग असेल, तर जादा दाब एका वातावरणाहून अधिक आणि पाणी १२० अंशांच्याही वर तापलेलं हवं. बुडबुड्याला शून्यातून सुरुवात करायची असेल तर काम जवळजवळ अशक्य. अगदी शुद्ध पाण्याला, कुठल्याही आधाराशिवाय, साध्या हवेच्या दाबाखाली आपल्या आतच बुडबुडा जन्माला घालायचा असेल तर ते सुमारे ३०० अंशांपर्यंत तापावं लागेल. घरचं पाणी १०० च्या आसपास उकळतं, कारण सुरुवातीचा बुडबुडा भांडं पुरवतं.

भांड्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे आणि खळगे असतात. पाणी ओतताना त्यांतल्या काहींमध्ये हवा अडकून राहते. ही अडकलेली हवा म्हणजे तयार बुडबुडा, त्यात वाफ भरत जाते. हवा अडकणार की नाही हे पाणी त्या पृष्ठभागाला किती चिकटतं यावर ठरतं. स्वच्छ काचेवर थेंब टाकला तर तो पसरतो. अळूच्या पानावर तोच थेंब गोटीसारखा गडगडतो. थेंबाची कड आणि पृष्ठभाग यांच्यातला कोन थेंबाच्या बाजूनं मोजला की त्याला स्पर्शकोन म्हणतात. पाणी पसरतं तिथे तो लहान, गोळा होऊन बसतं तिथे मोठा. स्वच्छ काचेवर तो अगदी लहान असतो, नॉनस्टिक तव्याच्या टेफ्लॉनवर ९० च्या पुढे, सुमारे ११० अंश. स्पर्शकोन लहान असेल तर पाणी खळग्यांत शिरून त्यांतली हवा हुसकावून लावतं. मोठा असेल तर पाणी खळग्याच्या तोंडाशीच थबकतं. म्हणून न भिजणाऱ्या पृष्ठभागावर बुडबुडे लवकर आणि पुष्कळ जन्मतात, भिजणाऱ्यावर उशिरा आणि थोडे.

हे काही आजकालचं ज्ञान नाही. जिनिव्हाच्या द ल्यूकनं १७७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाण्यातली हवा घालवण्यासाठी ते चार आठवडे हलवत राहिल्याची हकिकत आहे. एवढ्या खटाटोपानंतर ते पाणी सुमारे ११२ अंशांपर्यंत तापलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गे-ल्युसॅकनं दाखवलं की धातूच्या भांड्यात १०० ला उकळणारं पाणी काचेच्या भांड्यात १०१ अंशांच्या वर जाऊन उकळतं. त्यात लोखंडाचा कीस टाकला की पुन्हा १०० वर येतं. १८४२ साली मार्से यानं काचेचं भांडं सल्फ्युरिक आम्लानं स्वच्छ केलं, तेव्हा पाण्याचं तापमान १०५ च्याही पुढे गेलं. काचेला आतून गंधकाचा पातळ थर दिला, तेव्हा पाणी धातूच्या भांड्यापेक्षाही किंचित कमी तापमानाला उकळू लागलं. आम्लानं धुतलेली काच पूर्ण भिजते, गंधकाला पाणी चिकटत नाही. स्पर्शकोन हा शब्द न वापरता मार्सेनं आपला सगळा विषय दोन भांड्यांत मांडून ठेवला होता. तत्त्वज्ञ आणि विज्ञानाचे इतिहासकार हासोक चांग यांनी २००४ साली ‘इन्व्हेंटिंग टेम्परेचर’ या पुस्तकात ही सगळी हकिकत पुन्हा उजेडात आणली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यानं ते पुस्तक मिळवून वाचावं.

मग तापमापीवरचा १०० चा बिंदू ठरला कसा? लंडनच्या रॉयल सोसायटीनं यासाठी कॅव्हेंडिशच्या पुढाकारानं एक समिती नेमली. समितीत द ल्यूकही होता. १७७७ च्या अहवालात तिनं सांगितलं की तापमापी उकळत्या पाण्यात बुडवू नका, वरच्या वाफेत धरा. पाण्याचं तापमान भांड्यानुसार बदलतं. वाफेचं तापमान मात्र हवेच्या दाबाशी इमान राखतं. आपल्या प्रयोगवह्यांतल्या आकृतीत तापमापीचा फुगा पाण्यात असतो की वाफेत, हे जरा पाहा.

इथे विषय नुसत्या माहितीपुरता राहत नाही. आमचं हिवरखेड (तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला) सातपुड्याच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंचीवर आहे. दर तीनशे मीटरमागे उत्कलनबिंदू जवळपास एका अंशानं उतरतो, म्हणजे इथली वाफ ९९ च्या आसपास असणार. चिखलदऱ्याला सुमारे अकराशे मीटरवर ती ९६ च्या आसपास असेल. त्यात शाळेच्या तापमापीची अंशभराची चूक धरा, काचेच्या बीकरमधलं एखाद-दोन अंशांचं जादा तापणं धरा. आठ गटांनी प्रामाणिकपणे मोजलं तर ९८, ९९, १००, १०१ अशी वाचनं यायला हवीत. आठही वह्यांत १०० आढळलं, तर मुलांनी तापमापीऐवजी पुस्तक वाचलेलं असतं. आणि ९९ लिहिणाऱ्याला आपण लाल शाईनं १०० करून देतो, तेव्हा निरीक्षणाची किंमत काय ते त्याला कायमचं कळतं. माझा या धड्यावरचा मुख्य आक्षेप हाच आहे. भांडं धड्यातून काढून टाकल्यामुळे खरं वाचन चूक ठरतं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. अलीकडे वृत्तपत्रांच्या विज्ञान पुरवण्यांत आणि प्रदर्शनांतल्या तक्त्यांवर पृष्ठभागाचा हा मुद्दा येऊ लागला आहे, ही चांगली गोष्ट. पण तो येतो तो अर्धाच. न भिजणाऱ्या पृष्ठभागावर बुडबुडे लवकर येतात, म्हणून असा लेप दिलेल्या भांड्यात पाणी लवकर उकळेल आणि गॅस वाचेल, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो टिकत नाही.

घरच्या शेगडीचा हिशोब बघा. पाण्याला सुमारे १००० वॅट उष्णता पोचते आणि गंजाचं बूड २० सेंटिमीटर व्यासाचं आहे असं धरलं, तर बुडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून तीन-साडेतीन वॅट जातात. एवढी उष्णता पाण्याला देण्यासाठी बूड पाण्यापेक्षा पाच-दहा अंशांनी गरम असलं तरी पुरतं. ज्योत मात्र हजार अंशांच्या वर असते. ज्योतीकडून बुडाकडे येतानाच सगळी अडचण असते. बुडाकडून पाण्याकडे जाताना नाही. लेपामुळे पाच अंशांच्या जागी तीन अंश लागले, तर हजार अंशांच्या हिशोबात त्याचं वजन किती? गॅस वाचवायचा तर झाकण ठेवावं, आणि ज्योत बुडाबाहेर जाऊ देऊ नये.

पृष्ठभागाचं भिजणं जिथे जीवनमरणाचं ठरतं ते ठिकाण निराळं. जपानमधल्या सेंडाई इथल्या विद्यापीठात शिरो नुकियामा यांनी १९३४ साली पाण्यात बुडवलेली तार विजेनं तापवली आणि तारेचं तापमान व तिच्यातून जाणारी उष्णता दोन्ही मोजली. वीज वाढवत नेली तशी बुडबुड्यांची संख्या वाढली, उष्णता झपाट्यानं पाण्यात गेली. पण एका मर्यादेनंतर बुडबुडे एकमेकांना भिडले आणि तारेभोवती वाफेचं पांघरूण तयार झालं. वाफ उष्णतेची फार वाईट वाहक. पाणी तारेपर्यंत पोचेना, आणि तार क्षणात शेकडो अंशांनी तापली. नायक्रोमची तार वितळली, प्लॅटिनमची टिकली. भाकरीचा तवा तापला का हे पाहायला आपण पाण्याचे शिंतोडे मारतो, तेव्हा थेंब चरचरून जाण्याऐवजी तव्यावर पळू लागतात. तेही याच पांघरुणाचं काम. लायडेनफ्रॉस्टनं १७५६ साली तापलेल्या लोखंडी पळीत हेच पाहिलं होतं.

ही मर्यादा किती, हे बराच काळ केवळ पाणी आणि वाफ यांच्या गुणधर्मांवरून काढत. १९५९ साली झुबर यांनी मांडलेल्या सूत्रात पृष्ठभागाला जागाच नव्हती; साध्या हवेच्या दाबाखाली उकळणाऱ्या पाण्यासाठी ते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११० वॅट ही मर्यादा देतं. म्हणजे भांडं हरवण्याचा दोष एकट्या शालेय पुस्तकांचा नाही. त्याला उत्तर देणाऱ्यांत एक नाव आपल्या जवळचं आहे. सतीश कांडलीकर यांनी मराठवाडा विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली, आयआयटी मुंबईतून पीएच.डी. केली, आणि १९८० साली ते अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. २००१ साली त्यांनी मांडलेल्या सूत्रात स्पर्शकोन आला. त्यांचा विचार समजायला सोपा आहे. बुडबुड्याच्या कडेला पाण्याची वाफ होते आणि ती जोरानं बाहेर पडते. बंदूक सुटताना मागे धक्का देते तसा ही वाफ पाण्याच्या कडेला मागे धक्का देते. पृष्ठताण आणि पाण्याचा दाब त्या कडेला धरून ठेवतात. धक्का धरून ठेवणाऱ्या बलाहून मोठा झाला की कड मागे सरकते, बुडबुडा पृष्ठभागावर आडवा पसरतो आणि पांघरूण तयार होतं. पाणी पृष्ठभागाला चिकटून राहणारं असेल तर कड सहजी मागे हटत नाही.

त्यांच्या सूत्रात, सपाट आडव्या पृष्ठभागासाठी, स्पर्शकोन २० अंश घालून पाहिला तर मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० वॅट येते. ९० अंश घातला तर सुमारे ६३. पाणी तेच, दाब तोच, मर्यादा निम्म्याहून खाली! हे गणित बारावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं आहे. म्हणजे ज्या गुणानं बुडबुडे लवकर जन्मतात, तोच गुण पुढे पृष्ठभाग कोरडा पाडतो. शेगडीवरच्या तीन वॅटना यातलं काही जाणवत नाही. पण १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत इंधनाच्या नळ्यांना लागूनच पाणी उकळेल अशी रचना आहे. तिथे नळीवर पांघरूण बसलं तर नळी फुटण्याची भीती. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या वीजकेंद्रातही बॉयलरच्या नळ्यांत पाणी वाहता वाहता उकळतं. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं, पण नळीची आतली भिंत कोरडी पडू नये ही काळजी तीच.

पांघरूण नेहमी शत्रूच असतं असंही नाही. वाकारेल्स्की, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले नीलेश पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. तापवलेले पोलादी गोळे पाण्यात सोडले. साधा गोळा थंड होताना एका टप्प्यावर पांघरूण फुटतं आणि पाणी धडाक्यानं उसळतं. अळूच्या पानासारखा पाणी झिडकारणारा खडबडीत लेप दिलेल्या गोळ्यावर मात्र पांघरूण शेवटपर्यंत शाबूत राहिलं, बुडबुड्यांची उसळी झालीच नाही. आणि दोन्ही गुण एकत्र नांदवता येतील का? २०१० साली अमेरिकेतल्या एमी बेट्झ, डॅनियल अॅटिंजर आणि सहकाऱ्यांनी भिजणाऱ्या सपाट पृष्ठभागावर न भिजणारे ठिपके काढले. बुडबुडे ठिपक्यांवर जन्मले, भोवतीच्या भिजऱ्या भागानं त्यांना पसरू दिलं नाही. नुसत्या भिजणाऱ्या पृष्ठभागाच्या तुलनेत मर्यादा ६५ टक्क्यांपर्यंत वाढली, आणि उष्णता देण्याची क्षमता दुपटीपर्यंत गेली. ‘चांगला पृष्ठभाग कोणता’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा तक्ता प्रदर्शनात दिसला, तर मुलांना हा प्रयोग सांगावा.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर असते. बोअरच्या जड पाण्यानं गंजाच्या बुडाला पांढरी पापडी धरते. पापडी सच्छिद्र, तिच्यात हवा अडकायला जागाच जागा. त्यामुळे जुन्या गंजात बुडबुडे भराभर येतात आणि पाणी चांगलं उकळतंय असं वाटतं. पण ती उष्णता वाहून नेण्यात अॅल्युमिनियमच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी पडते. शेगडीच्या उष्णतेला मिलिमीटरभर पापडीतून जायला सुमारे तीस अंशांचा फरक लागतो. घरी त्यानं फारसं बिघडत नाही. बॉयलरमध्ये उष्णता कितीतरी जास्त, म्हणून नळी लाल होऊन फुटू शकते. हिवरखेड स्टेशन ज्या अकोला-खांडवा मीटर गेजवर होतं, तिथे वाफेची इंजिनं धावत तेव्हा बॉयलर धुऊन काढण्याचं काम ठरल्या मुदतीनं करावंच लागे. बुडबुडे जास्त दिसणं आणि उष्णता जास्त जाणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे शिकवायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

धड्यात काय बदलावं? फार नाही. ‘संपूर्ण द्रवात’ या शब्दांच्या जागी ‘द्रवाच्या आत, बहुतेक वेळा भांड्याच्या तळापासून’ असं म्हणता येईल. १०० च्या आकड्याशेजारी ‘समुद्रसपाटीला, वाफेचं तापमान’ एवढी पुस्ती हवी. रसायनाच्या प्रयोगशाळेत द्रव तापवताना पोर्सिलीनचे तुकडे का टाकतात, हे त्याच पानावर आलं तर दोन विषयांची गाठ पडेल. आणि एक प्रयोग. एक स्टीलचं पातेलं आणि एक नॉनस्टिक भांडं घ्यावं, दोन्हींत सारखंच पाणी, सारखीच ज्योत. सुरुवातीला ५०-६० अंशांना दिसणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे, ते वेगळे नोंदवावेत. पुढे नॉनस्टिकवर बुडबुडे आधी दिसतील आणि बूड टेकून पसरट बसतील. स्टीलवर ते उशिरा येऊन चटकन सुटतील. दोन्हींना खळखळून उकळायला लागलेला वेळही लिहावा. त्यात फरक पडला तर तो लेपाचा की बुडाच्या जाडीचा, यावर वर्गाला वाद घालू द्यावा. स्वच्छ काचेच्या बीकरमध्ये पाणी तापवताना मात्र तोंड जवळ नेऊ देऊ नये. जादा तापलेलं पाणी अचानक उसळतं; मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या गुळगुळीत कपात तापवलेल्या पाण्यानं हात भाजतात ते यामुळेच.

परीक्षेत फरकाच्या तक्त्याऐवजी एखाद्या वर्षी असं विचारून पाहावं: हिवरखेडच्या एका शाळेत एकाच दिवशी तीन गटांनी उकळत्या पाण्याचं तापमान ९८, ९९ आणि १०१ अंश नोंदवलं. तिघांची भांडी वेगळी होती. कोणत्या गटाचं वाचन खोडाल, आणि का?